खूप मळलेलं कार्पेट: साफ कसं करायचं आणि दर कसा ठरवायचा?

व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. लाल कार्पेट, मधोमध काळपट पट्टा आणि खाली मेसेज: "भाऊ, फुटाला किती घेशील?" क्लीनिंगच्या धंद्यात नवीन पडलेला मुलगा लगेच आकडा टाकून मोकळा होतो आणि तिथेच फसतो. माझा धुळ्याचा मावसभाऊ असाच फसला. एका हॉलचं कार्पेट त्याने फोटो बघून नेहमीच्या दराने घेतलं. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं आणि टेम्पोचं भाडं त्याला खिशातून भरावं लागलं. मशीन चांगलं होतं, मेहनतही कमी नव्हती. चुकला होता तो फक्त हिशोब. म्हणून या लेखात साफसफाई आणि दर, दोन्ही एकत्रच समजून घेऊया.

खूप मळलेलं म्हणजे नक्की काय?

घरच्या गालिच्यावरची धूळ बहुतेक वरच्या वर असते. शोरूम, हॉटेल किंवा मंगल कार्यालयात मात्र रोजची शेकडो पावलं ती धूळ धाग्यांच्या मुळाशी दाबतात. त्यात आपली खानदेशची काळी माती! बेसॉल्ट खडकापासून झालेल्या या मातीत चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात आणि पाणी लागलं की फुगतात. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे रस्त्यालगतच्या हॉटेलात डिझेलची तेलकट काजळीही येते. धूळ आणि तेल एकत्र आलं की धाग्याला लेप बसतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. काळपट दिसणारा प्रत्येक पट्टा मळच असेल असं नाही. धुळीतले टोकदार कण वर्षानुवर्षं धागा घासतात. घासलेल्या धाग्यावर उजेड विखुरतो आणि तो धुतल्यावरही राखाडीच दिसतो. मोबाईलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, कॅमेरा झूम करून फोटो काढा. धागे झिजून पिंजलेले दिसले, तर ग्राहकाला आधीच सांगा की इथे रंग परत येणार नाही.

आधी कोरडं, मग ओलं

पहिली चूक म्हणजे आल्या आल्या पाणी मारणं. काळ्या मातीवर पाणी पडलं की मशीन चिखल ओढत बसतं. आधी व्हॅक्यूम, तोही सावकाश, उभा-आडवा दोन्ही बाजूंनी. खूप मळलेल्या कार्पेटवर हेच काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि नेमकं हेच कोटेशनमध्ये धरलेलं नसतं.

मग धागा ओळखा. कोपऱ्यातून एक धागा घ्या आणि पाण्यात दाबून सोडा. तरंगला तर पॉलिप्रोपिलीन, बुडाला तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा लोकर. बुडालेला धागा बाहेर नेऊन, कोरडा करून, चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक. लोकरीवर जास्त अल्कली आणि कडक गरम पाणी चालत नाही.

हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ मध्ये साफसफाईचे चार घटक मांडले: रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ. एक कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. त्यामुळे केमिकल फवारल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा, मोबाईलवर टायमरच लावा, पण ते सुकू देऊ नका. मे महिन्यात जळगावात ते कधी सुकलं ते कळतही नाही, म्हणून एका वेळी छोटाच भाग घ्या. मग ब्रश मशीन, मग गरम पाणी मारून ओढून घेणारं एक्सट्रॅक्शन मशीन. पाण्याची एक फेरी मारली की फक्त ओढायच्या निदान दोन फेऱ्या. कार्पेट चिकटवलेलं असेल तर पाणी आणखी जपून, नाहीतर गोंद सुटतो.

धुण्याची पावडर वापरू नका. बोअरच्या जड पाण्यात ती नीट निघत नाही, आत चिकट थर राहतो आणि महिन्याभरात कार्पेट पुन्हा काळं होतं. शेवटची फेरी साध्या पाण्याची.

मंगल कार्यालयातला खरा शत्रू वेगळाच आहे: हळद. हळद आणि अल्कली एकत्र आले की रंग लाल होतो. आपल्याकडे कुंकू तसंच तर बनतं! त्यामुळे हळदीच्या किंवा शेवभाजीच्या तर्रीच्या डागावर वॉशिंग सोडा टाकलात, तर पिवळ्याचा लाल डाग होईल. आधी सौम्य भांड्याच्या लिक्विडने तेल काढा, टिपून घ्या, चोळू नका. उरलेला पिवळेपणा उन्हात बराच उडतो, पण कार्पेट उचलता येत असेल तरच.

पिनकडेही बघा. ६ ॲम्पियरच्या पिनवर २३० × ६ म्हणजे १,३८० वॅटच चालतात. मोठ्या मशीनला १६ ॲम्पियरची पिन लागते. ती हॉलमध्ये कुठे आहे, हे पाहणीच्या दिवशीच विचारा.

आता दर

फोटोवरून आकडा द्यायचा नाही. जागेवर जा, टेपने मोजा. फोनच्या कॅमेऱ्याने अंतर मोजणारे ॲप अंदाजाला ठीक आहेत, बिलाला नाही. मग सगळ्यात मळलेल्या जागी १० × १० फुटांचा, म्हणजे एक ब्रासचा तुकडा पूर्ण साफ करा आणि स्टॉपवॉच लावा.

समजा हॉल १,५०० चौरस फूट आहे आणि दोघांना त्या तुकड्याला ४० मिनिटं लागली. १५ तुकडे, म्हणजे १० तास. खुर्च्या हलवणं आणि मांडामांड २ तास. एकूण १२ तास, दोन माणसं, २४ मजूर-तास. तासाला १२० रुपये धरले तर मजुरी २,८८०. केमिकल ९००, मशीनचं भाडं किंवा झीज १,५००, टेम्पो १,०००. खर्च झाला ६,२८०. डाग परत वर आले तर पुन्हा यावं लागेल, त्यासाठी १५ टक्के धरा: ७,२२२. त्यावर २५ टक्के नफा धरला की साधारण ९,०००, म्हणजे फुटाला ६ रुपये. हे आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, तुमच्या गावचे टाका. पण गंमत बघा: हेच काम फुटाला ३ रुपयांनी घेतलं असतं तर हातात ४,५०० आले असते आणि १,७८० रुपयांचा खड्डा पडला असता.

सगळा हॉल सारखा मळलेला नसतो. दाराजवळचा पट्टा आणि जेवणाची बाजू वेगळी मोजून तिथे जास्त दर लावा, कडेला कमी. ग्राहकालाही ते पटतं, कारण त्याला ते डोळ्यांनी दिसतं. आणि दर नव्या कार्पेटच्या जवळ जायला लागला, तर सरळ सांगा, "शेठ, हे बदला." लग्नात अंथरतात त्या पातळ नॉन-वोव्हन कार्पेटच्या बाबतीत हे बऱ्याचदा होतं. काम जातं, पण तो माणूस पुढच्या वेळी तुम्हालाच फोन करतो.

जीएसटीचं थोडक्यात: सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते आणि या कामावर १८ टक्के कर लागतो. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावता येत नाही.

ओल खाली राहिली की सुकताना आतला मळ धाग्याच्या टोकाला चढतो. संध्याकाळी स्वच्छ दिसलेला डाग सकाळी परत हजर! म्हणून पंखे जमिनीला समांतर लावा आणि अंतिम फोटो दुसऱ्या दिवशी काढा. जुलै-ऑगस्टमध्ये लग्नाच्या आदल्या दिवशीचं काम घेऊच नका.

कोटेशन व्हॉट्सॲपवर लेखीच पाठवा. हे कॉपी करून ठेवा:

"नमस्कार. आपल्या हॉलची पाहणी केली. क्षेत्रफळ ____ चौ. फूट. ट्रायल तुकड्याचे आधीचे व नंतरचे फोटो सोबत आहेत, बाकी काम त्याच दर्जाचे होईल. झिजलेला भाग आणि हळदीचे जुने डाग पूर्ण जातीलच असे नाही. पाणी, १६ ॲम्पियरची पिन आणि सुकायला २४ तास मोकळा हॉल आपल्याकडून. एकूण रक्कम ____ रुपये, निम्मी आधी, निम्मी दुसऱ्या दिवशी पाहून झाल्यावर."