शाई, धूर आणि कारखाना : जबलपूरहून चिनी चित्रकलेकडे पाहताना

चिनी चित्रकला म्हटली की आपल्याकडे अजूनही बांबूची पानं, धुक्यातले डोंगर आणि कोपऱ्यातला लाल शिक्का एवढंच डोळ्यांपुढे येतं. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत चीनमधून जगापुढे आलेली कला मात्र डोंगरांपेक्षा धुरांड्यांबद्दल जास्त बोलते. बंद पडलेला कारखाना, कामावरून कमी झालेला मजूर, रातोरात पाडलेली वस्ती, परदेशी बाजारासाठी राबणारे हात हे तिचे विषय आहेत. हे दोन चीन एकमेकांना कुठे भेटतात, हा प्रश्न मला पडतो, कारण मी जबलपूरचा आहे. या शहराचा एक धागा पहिल्या चीनशी जोडलेला आहे आणि त्याचं पोट दुसऱ्या चीनसारखंच कारखान्यांवर भरत आलं आहे.

पहिल्या धाग्याचं नाव ब्योहार राममनोहर सिन्हा (१९२९–२००७). संविधानाच्या मूळ हस्तलिखितातील उद्देशिकेच्या पानाची सजावट यांची. आमच्या गोलबाजारातल्या शहीद स्मारकाची भित्तिचित्रंही त्यांचीच. ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे शिष्य होते. हेच नंदलाल १९३६ मध्ये खानदेशात फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची सजावट बांबू आणि गावातल्या साध्या वस्तूंनी करून गेले होते, म्हणजे मराठी मुलखालाही ते परके नाहीत. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर सिन्हा १९५७ ते १९५९ या काळात बीजिंगच्या केंद्रीय ललित कला अकादमीत शिकले.

त्यांची ही वाट आधीच मळलेली होती. रवींद्रनाथांबरोबर नंदलाल १९२४ मध्ये चीनला गेले होते. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात चीना भवन उभं राहिलं. पुढे १९३९-४० मध्ये श्यू बेइहोंग हे चिनी चित्रकार शांतिनिकेतनात पाहुणे म्हणून राहिले. डोंगर हलवायला निघालेल्या वेड्या म्हाताऱ्याच्या चिनी दंतकथेवरचं आपलं मोठं चित्र त्यांनी १९४० मध्ये भारतातच रंगवलं. ते श्यू बेइहोंग १९५० मध्ये बीजिंगच्या या अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले. १९५३ मध्ये ते वारले, म्हणून सिन्हांची आणि त्यांची तिथे भेट होणं शक्य नव्हतं. तरी जबलपूरचा हा तरुण ज्या संस्थेत शिरला, तिचा संस्थापक त्याच्या गुरुकुलात राहून गेलेला होता.

सिन्हा तिथे असतानाचं बीजिंग मात्र बांबूच्या पानांचं नव्हतं. १९५७ मध्ये ‘उजव्या’ विचारांच्या लोकांविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि अकादमीचे तेव्हाचे प्रमुख जिआंग फेंग यांच्यावरच तो शिक्का बसला. १९५८ मध्ये माओंची ‘मोठी झेप’ आली. पिढ्यान्‌पिढ्या धुक्यातले कडे काढणारी शाई धरणं, खाणी आणि कारखान्यांची धुरांडी काढू लागली. चिनी कागद शाई लगेच शोषून घेतो. एकदा फिरवलेला कुंचला पुसता येत नाही. त्याच कागदावर आता धूर उमटत होता आणि धूर म्हणजे प्रगती, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्या झेपेच्या मागोमाग भीषण दुष्काळ आला. तो मात्र चित्रांत आला नाही.

त्याच १९५७ साली बीजिंगच्या ईशान्य भागात पूर्व जर्मनीच्या मदतीने बांधलेला ७१८ क्रमांकाचा संयुक्त कारखाना सुरू झाला. तिथे सैन्याला आणि दळणवळणाला लागणारे इलेक्ट्रॉनिक भाग तयार होत. करवतीच्या दात्यांसारखी छपरं आणि उत्तरेकडून येणारा एकसारखा उजेड, अशी त्याची बांधणी होती. यंत्रावर काम करणाऱ्याला सावली आड येऊ नये म्हणून योजलेला तो उजेड चित्रकारालाही हवाच असतो. पण ते लक्षात यायला चाळीस वर्षं जावी लागली.

मध्यंतरी १९६२ चं युद्ध झालं आणि बीजिंगला जाणारी वाट बंद झाली. जबलपूरला युद्धाचा अर्थ वेगळाच होता. गन कॅरेज फॅक्टरी इथे १९०४ पासून होती, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. युद्धानंतर देशाने शस्त्रनिर्मितीवर जोर दिला आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरी आली. एका पश्चिम जर्मन कंपनीच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक तिथून बाहेर पडू लागला. बीजिंगच्या कारखान्यात पूर्व जर्मनी आणि जबलपूरच्या कारखान्यात पश्चिम जर्मनी! आशियातली दोन शहरं एकमेकांविरुद्ध सज्ज होत होती आणि दोघांचे आराखडे एकाच दुभंगलेल्या देशातून आलेले होते. ज्या शहराने कुंचला शिकायला माणूस बीजिंगला पाठवला, तेच आता हिमालयातल्या सीमेसाठी ट्रक बनवत होतं. तिकडे सांस्कृतिक क्रांतीत अकादमीचे वर्ग थांबले आणि शाईचे थोर उस्ताद शेतमजुरीला धाडले गेले.

नंतरची गोष्ट जागतिकीकरणाची. १९७८ नंतर चीनची दारं उघडली. १९९० पासून वांग ग्वांगयी यांनी एक चित्रमाला काढली. तिच्यात क्रांतीच्या भित्तिपत्रकांवरचा तोच घट्ट मुठीचा कामगार आहे, पण शेजारी कोका-कोलाचं नाव आहे. आकृती जुनी, अर्थ उलटा. १९९९ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात त्साय ग्वोच्यांग यांनी १९६५ मधला जमीनदारी जुलमाचा प्रसिद्ध शिल्पसमूह मातीत पुन्हा घडवून घेतला आणि त्याबद्दल त्यांना तिथलं मोठं पारितोषिक मिळालं. क्रांतीचा प्रचार आता जागतिक कलाबाजारातला माल झाला होता. वांग बिंग यांनी शेन्यांग शहरातल्या तिएशी भागात सरकारी कारखाने बंद पडत असताना चित्रीकरण करून नऊ तासांचा माहितीपट केला. त्यात घोषणा नाहीत. थकलेले कामगार आहेत, गोठलेली आवारं आहेत आणि न मिळालेल्या पगाराची बोलणी आहेत.

७१८ चं काय झालं? नव्वदच्या दशकात तिथलं उत्पादन घटलं, हजारो कामगार घरी गेले, शेड रिकाम्या झाल्या. १९९५ मध्ये मोठी आणि स्वस्त जागा हवी म्हणून त्यातल्या एका शेडमध्ये कोण आलं, तर तीच केंद्रीय ललित कला अकादमी. मागोमाग चित्रकार, शिल्पकार, पुस्तकाचं दुकान, कलादालनं आली. भिंतींवरच्या माओकालीन घोषणा मुद्दाम तशाच ठेवल्या गेल्या. आज ‘७९८’ या नावाने हा भाग जगभरच्या पर्यटकांना ठाऊक आहे. पण गोष्ट इथे गोड होत नाही. नाव झालं तसं भाडं वाढलं आणि ज्या कलावंतांनी जागा जिवंत केली त्यातल्या अनेकांना बाहेर पडावं लागलं. आधी कामगार गेला, मग कलावंत, उरली कॉफी. मुंबईच्या गिरणगावाची आठवण असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. सुधीर पटवर्धनांचं ‘लोअर परेल’ (२००१) पाहिलं की शहराने आपल्या कामगाराला कसं बाजूला सारलं ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

याच अकादमीत शिकलेले श्यू बिंग २००८ मध्ये तिचे उपाध्यक्ष म्हणून परतले. बीजिंगमधल्या एका नव्या उंच इमारतीसाठी काम करायला गेले असता त्यांना बांधकामावरच्या मजुरांचं जगणं दिसलं. त्यांनी तिथला मलबा, फावडी, हेल्मेटं आणि यंत्रांचे तुकडे जोडून दोन प्रचंड फिनिक्स पक्षी उभे केले. चिनी परंपरेतला तो शुभ पक्षी इथे भंगारातून उठतो. मुंबईत फिनिक्स नावाची गिरणी होती, तिच्या आवारात आज मॉल आहे. एकाच नावाची ही दोन रूपं मला पुरेशी बोलकी वाटतात : एकात कामगाराची हत्यारं पक्ष्याच्या पिसांत दिसतात, दुसऱ्यात ती कुठेच दिसत नाहीत.

आता जबलपूर. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १८१७ पर्यंत होता. पुढे रेल्वे आणि कारखान्यांमुळे मराठी घरं वाढली. भोंग्यावर घड्याळ लावणारी, रविवारी नर्मदेवर जाणारी ही वस्ती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ बरखास्त झालं आणि देशभरचे हे कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. खमरिया आता पुण्यात मुख्यालय असलेल्या कंपनीकडे आहे. कारखाने चालू आहेत, गन कॅरेजमधून धनुष तोफ बाहेर पडते. पण शक्तिमान केव्हाच थांबला, नंतरचे ट्रकही खाजगी कंपन्यांच्या रचनेवरचे. ज्या नोकरीवर तीन पिढ्यांनी घरं बांधली, तिची शाश्वती पूर्वीसारखी राहिलेली नाही.

आणि या सगळ्याचं चित्र? शहीद स्मारकात स्वातंत्र्याचा लढा आहे, आणि तो तिथे असायलाच हवा. भेडाघाटच्या दुकानांत संगमरवराच्या मूर्ती आहेत, संगमरवरी कड्यांची निसर्गचित्रंही उदंड आहेत. लेथवर वाकलेला माणूस, सुटीच्या वेळी फाटकातून निघणारा सायकलींचा लोंढा, गणवेशावरचे तेलाचे डाग हे मात्र जवळजवळ नाहीत. संरक्षण कारखान्याच्या आत कॅमेरा किंवा चित्रवही नेता येत नाही, हे खरं. फाटकाबाहेरच्या वस्त्यांना मात्र तसं बंधन नव्हतं.

आमच्या शहराने बीजिंगहून शाईचा संयम आणला, ती मोठी मिळकत आहे. मला वाटतं, त्याच अकादमीच्या पुढच्या पिढीकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कारखान्याची आठवण तो बंद पडल्यावर गोळा करायला गेलं, तर हाती भंगार लागतं किंवा मॉल. ती माणसं कामावर असताना, निवृत्त होऊन ओट्यावर बसलेली असताना ऐकायची असते, काढायची असते. ‘७९८’ ची करवती छपरं जपली गेली. त्यांच्याखाली राबलेल्यांची नावं पर्यटकांना कोणी सांगत नाही. जबलपुरात अजून उलटं करता येईल. छपरांचं पुढे काय व्हायचं ते होवो, नावं आपल्याला आजच लिहून ठेवता येतील.