‘रोमिओ अँड ज्युलिएट’ : दैव आणि उतावीळपणा

शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या नाटकाविषयी एक समज सार्वत्रिक आहे. दोन घराण्यांचे पिढीजात वैर, त्यात सापडलेले दोन कोवळे जीव आणि वेळेवर न पोहोचलेले एक पत्र, एवढ्या सामग्रीवरून ही शोकांतिका दैवाच्या खात्यावर मांडली जाते. नाटकाच्या आरंभीचे प्रस्तावनापर कवनही तेच सुचविते. हे प्रेमिक ग्रहांच्या वक्रदृष्टीतच जन्मले, हे पहिला प्रवेश सुरू होण्याआधीच प्रेक्षकांना कळते. तथापि ही कथा शेक्सपियरच्या हाती कोणत्या रूपात आली आणि त्याच्या हातून कोणत्या रूपात बाहेर पडली, हे ताडून पाहिले म्हणजे हा निवाडा डळमळू लागतो.

कथा मूळची त्याची नव्हेच. इटलीतील मासुच्चो याच्या १४७६ मध्ये छापल्या गेलेल्या संग्रहात सिएना नगरीतील अशाच एका जोडप्याची कहाणी आहे. पुढे १५३० च्या सुमारास लुइजी दा पोर्तो याने तिला व्हेरोना हे नगर आणि आज परिचित असलेली नावे दिली. बान्देलोने ती १५५४ मध्ये नव्याने सांगितली. ब्वास्तुओने १५५९ मध्ये ती फ्रेंचमध्ये नेली, आणि त्या आधारे आर्थर ब्रुक याने १५६२ मध्ये इंग्रजीत दीर्घकाव्य रचले. सुमारे १५९५ मध्ये नाटक लिहिताना शेक्सपियरपुढे मुख्यत्वे हे काव्य होते. इटालियन कथांत ज्युलिएट जागी होते तेव्हा रोमिओच्या देहात प्राण शिल्लक असतो. दोघांना अखेरचे चार शब्द बोलता येतात. ब्वास्तुओने तेवढीही सवलत काढून घेतली. ब्रुकचा पवित्रा तर चमत्कारिक आहे. प्रस्तावनेत तो या प्रेमिकांना स्वैर वासनेबद्दल फटकारतो आणि काव्यात मात्र पानोपानी नियतीला बोल लावतो. म्हणजे दैव हे शेक्सपियरला आयतेच मिळाले होते. त्याने स्वतः घातली ती घाई.

ब्रुकच्या काव्यातील घटना सुमारे नऊ महिन्यांत घडतात. नाताळाच्या सुमारास भेट होते, ईस्टरच्या वेळी हत्या होते, मधल्या काळात गुप्त संसार सुखाने चालतो. शेक्सपियरने हे सारे पाच दिवसांत कोंबले. रविवारी रात्री मेजवानीत दृष्टादृष्ट, सोमवारी दुपारी विवाह आणि लगोलग टिबाल्टचा वध, मंगळवारी पहाटे ताटातूट, त्याच रात्री गुंगीचे औषध, आणि गुरुवारची पहाट होण्यापूर्वी सर्व आटोपलेले. ब्रुकची नायिका सोळा वर्षांची आहे, शेक्सपियरची अजून चौदाचीही झालेली नाही. रविवारी सकाळी दुसऱ्याच एका तरुणीसाठी उसासे टाकणारा रोमिओ सोमवारी बोहल्यावर उभा राहतो. आपल्याकडील गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा याहून फारसा निराळा नसावा.

परंतु केवळ वेग वाढवून शेक्सपियर थांबला नाही. ब्रुकच्या काव्यात टिबाल्ट रोमिओवर चालून येतो आणि रोमिओ स्वसंरक्षणार्थ त्याला मारतो. त्यात नायकाचा दोष फारसा नाही. नाटकात रोमिओ आधी द्वंद्व टाळतो. ब्रुककडे जेमतेम नावापुरता असलेला मर्क्युशिओ येथे त्याचा जिवलग मित्र झाला आहे, आणि भांडण सोडवू पाहणाऱ्या रोमिओच्याच हाताखालून टिबाल्टची तलवार त्याच्या देहात शिरते. त्यानंतर टिबाल्ट परत येतो तेव्हा रोमिओ क्षमा बुद्ध्या बाजूस सारून त्याच्यावर तुटून पडतो. वार करून झाल्यावर मात्र आपण दैवाच्या हातचे खेळणे झालो, असा आक्रोश करतो. हा आक्रोश खरा आहे, पण तो वारानंतरचा आहे.

उतावीळपणा केवळ तरुणांचा नाही, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. मुलगी राजी झाल्याचे कळताच तिचा बाप, वृद्ध कॅप्युलेट, गुरुवारचे लग्न बुधवारवर आणतो. साधू लॉरेन्स रोमिओला सबुरीचा उपदेश करतो आणि त्याच दिवशी त्याचा गुप्त विवाह लावून देतो; शेवटी समाधिगृहात पहाऱ्याची चाहूल लागताच ज्युलिएटला एकटी टाकून तोच पळ काढतो.

मग निव्वळ दैवाचे असे उरते काय? पत्र घेऊन निघालेला साधू जॉन प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला जातो, हे एक. १५९२ ते १५९४ या काळात लंडनची नाटकगृहे प्लेगमुळे बराच काळ बंद होती. अशी कोंडलेली घरे त्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिली होती. पण पत्र न मिळूनही रोमिओला संधी मिळते. निश्चेष्ट ज्युलिएटच्या ओठांवर आणि गालांवर लाली आहे, हे तो पाहतो, बोलूनही दाखवितो, आणि तरीही विष घेतो. दैवाने खूण केली होती. ती वाचण्याइतकी उसंत त्याने घेतली नाही.

कालिदासाने नेमके उलटे केले, ही तुलना मराठी वाचकास सहज सुचावी. महाभारतातील दुष्यंत सर्व काही आठवत असूनही शकुंतलेला नाकारतो. कालिदासाने दुर्वासांचा शाप आणि हरवलेली मुद्रिका आणून राजाला दोषमुक्त केले आणि भार दैवावर टाकला; गांधर्वविवाहाच्या घाईबद्दल शार्ङ्गरवाच्या तोंडी एक कठोर बोल ठेवला, इतकेच. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’ मराठीत आणताना त्याला ‘विकारविलसित’ हे नाव दिले. ते नाव या नाटकालाही शोभले असते.

शिक्षेचा प्रश्नही ब्रुकने चोख मिटविला होता : दाई हद्दपार, विष विकणारा फासावर, साधू एकांतवासात. शेक्सपियरचा राजपुत्र काहींना क्षमा होईल, काहींना दंड होईल, एवढेच म्हणतो; कोणाला, हे सांगत नाही. ही अनिश्चितता पुढच्या पिढीला सोसली नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स हॉवर्ड याने दोघांना जिवंत ठेवून नाटक सुखान्त केले आणि लंडनमध्ये काही दिवस एका दिवशी दुःखान्त, दुसऱ्या दिवशी सुखान्त असे आळीपाळीने प्रयोग झाले. हॉवर्डची ती संहिता आज उपलब्ध नाही.