दीन महंमदाची खाणावळ

लंडनमध्यें पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. तेथील १०२ क्रमांकाच्या इमारतीवर २००५ सालीं एक हिरवी पाटी बसविण्यांत आली. लंडनमधील पहिली हिंदी खाणावळ १८१० सालीं या जागीं निघाली, असें ती पाटी सांगते. खाणावळीचा मालक पाटण्याचा शेख दीन महंमद. ही खाणावळ दोन वर्षांत बुडाली, हें मात्र पाटीवर नाहीं. आणि मला तर या माणसाची खरी कथा तेथूनच सुरू होते असें वाटतें.

त्याचा जन्म १७५९ चा. बाप कंपनी सरकारच्या फौजेंत होता व तो लवकरच वारला. दहा-अकरा वर्षांचा हा पोर गॉडफ्रे बेकर नांवाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या मागें छावणींत गेला आणि पुढें जमादार, मग सुभेदार झाला. बेकरनें नोकरी सोडली तेव्हां यानेंहि सोडली, आणि १७८४ त दोघे आयर्लंडांतील कॉर्क शहरीं पोहोंचले. तेथें जेन डेली या तरुणीशीं त्याचें प्रेम जमलें. दोघांनीं पळून जाऊन १७८६ त लग्न केलें. १७९४ सालीं त्यानें आपलें प्रवासवृत्त इंग्रजींत छापून प्रसिद्ध केलें. हिंदी माणसानें इंग्रजींत लिहून प्रसिद्ध केलेलें हें पहिलें पुस्तक होय.

१८०७ च्या सुमारास तो लंडनला आला. पोर्टमन स्क्वेअरच्या आसपास कंपनीचे पैसेवाले निवृत्त अधिकारी राहत. लोक त्यांना थट्टेनें ‘नबाब’ म्हणत. हिंदुस्थानांत जन्म काढलेल्या या मंडळींना तेथील जेवणाची आठवण येत असणार, हा महंमदाचा हिशेब. त्यानें ‘हिंदोस्तानी कॉफी हाऊस’ थाटलें. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानांतील देखाव्यांची चित्रें, मसालेदार रस्से, भात, आणि हुक्का ओढण्यास निराळी खोली! १८११ च्या मार्चांत ‘टाइम्स’ पत्रांत जाहिरातहि दिली.

हिशेब चुकला कोठें? करी ही वस्तु लंडनला नवी नव्हती. हेमार्केटजवळच्या एका कॉफी हाऊसमध्यें ती १७७३ पासून मिळत होती. ज्यांना ती रोज हवी असे त्या नबाबांच्या घरीं तर ती करणारे आचारीच होते. जें घरीं आयतें मिळतें त्यासाठीं कोण बाहेर जाईल? ज्यांच्या घरीं तें नव्हतें त्यांना त्याची गोडी नव्हती. सजावटीचा खर्च मात्र आधींच होऊन बसलेला. १८१२ त त्याचें दिवाळें निघालें. खाणावळ दुसऱ्यांच्या हातीं त्याच नांवानें पुढें कांहीं वर्षें चालली.

त्याचें वय तेव्हां त्रेपन्न. पदरीं बायको आणि मुलें. १८१३ त त्यानें पुन्हां वर्तमानपत्रांत जाहिरात दिली, पण या वेळीं कोणा गृहस्थाच्या घरीं कारभाऱ्याची नोकरी मिळावी म्हणून. शहरांत असो वा खेड्यांत, आपली हरकत नाहीं, असें त्यांत म्हटलें होतें. एके काळचा सुभेदार, ग्रंथकार आणि मालक!

पुढच्याच वर्षी हें कुटुंब समुद्रकाठच्या ब्रायटन शहरीं गेलें. लंडनमध्यें बॅसिल कॉक्रेन या धनिकाच्या वाफाऱ्याच्या स्नानगृहांत त्यानें पूर्वीं काम केलें होतें. तो अनुभव आतां कामास आला. औषधी पाल्याची वाफ आणि त्याबरोबर अंगमर्दन, हा त्याचा नवा धंदा. रोग्याला फ्लॅनेलच्या राहुटींत बसवीत. तिला शिवलेल्या बाह्यांतून आंत हात घालून अंग चेपीत. आपण आज डोक्याला लावतों तो ‘शाम्पू’ मूळचा हिंदुस्थानीतील ‘चांपो’, म्हणजे चेपा, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. तो शब्द इंग्रजांच्या घरोघर पोहोंचविला तो मुख्यतः या माणसानें. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या कुबड्या त्याच्या स्नानगृहांत टांगलेल्या असत. पुढें चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांचा ‘शाम्पूइंग सर्जन’ म्हणून त्याची नेमणूक झाली. स्वयंपाकी नबाबांनीं घरीं ठेवला होता. हें कसब मात्र कोणाच्या घरीं नव्हतें.

मात्र येथें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें थोडें थांबावें. १८२२ सालीं त्यानें या उपचारावर दुसरें पुस्तक लिहिलें. त्यांत तो आपला जन्म १७४९ चा सांगतो, आणि आपण वैद्यकी शिकून पलटणींत सर्जन होतों असेंहि म्हणतो. पहिल्या पुस्तकांत यांतलें कांहीं नाहीं. दोहोंपैकीं मी पहिल्यावर विश्वास ठेवतों, कारण तें लिहितांना त्याला वैद्य म्हणून मिरवावयाचें नव्हतें. तरीहि त्याला केवळ लबाड ठरवून मोकळें होणें मला जड जातें. दिवाळें निघालेला परदेशी मनुष्य. त्याच्या हाताला गुण होता, पण कागद नव्हता, आणि मुलें वाढत होतीं. जादा दहा वर्षें त्याला शेवटपर्यंत वागवावीं लागलीं. २४ फेब्रुवारी १८५१ रोजीं तो वारला, तेव्हां त्याचें वय ९१-९२ असावें. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चमधील त्याच्या थडग्यावर १०१ कोरलें आहे.

त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद १८४९ त जन्मला. हा मात्र रीतसर शिकलेला डॉक्टर. लंडनच्या गाइज इस्पितळांत नाडीचा आलेख काढणारें यंत्र सुधारून, मूत्रपिंडें निरोगी असतांनाहि रक्ताचा दाब वाढलेला असूं शकतो, हें त्यानें दाखविलें. विषमज्वरानें तो १८८४ त, अवघ्या ३५ व्या वर्षीं गेला. आपल्या शास्त्रीय लेखांखालीं तो सही करी ती महंमद या आडनांवानेंच.