कमला मिल आग चौकशी

मुंबईच्या लोअर परळ भागातील कमला मिल आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर गच्चीवरील ‘वन अबव्ह’ व ‘मोजोज बिस्ट्रो’ या उपाहारगृहांना लागलेल्या आगीची चौकशी. आगीत 14 जण दगावले. त्यांत 11 स्त्रिया होत्या. बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतला. बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला आणि तिथेच ते गुदमरले. या चौकशीतील सर्वांत विदारक तपशील हाच.

मुंबई महापालिकेने आयुक्त अजोय मेहता यांच्यामार्फत चौकशी केली. परंतु परवाने देणाऱ्या यंत्रणेनेच स्वतःची तपासणी करणे पुरेसे नव्हते. निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो यांनी जनहित याचिका दाखल केली आणि 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती अ. वि. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. अग्निशमन दलाच्या तपासात हुक्क्याच्या निखाऱ्यांतून उडालेल्या ठिणग्यांकडे बोट दाखवले गेले होते. गच्चीवरील ज्वालाग्राही आच्छादनामुळे आग झपाट्याने पसरली.

अशा आगी टाळण्यासाठी असलेल्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीतील अग्निसुरक्षा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारी व जुलैमध्ये द्यायचे असते. हा कायदा राज्यभर लागू आहे. म्हणून मुंबईबाहेर, उदाहरणार्थ वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील दुकाने, लॉज व मंगल कार्यालयांच्या तपासणीतही ही चौकशी संदर्भ म्हणून वाचण्याजोगी आहे.