देवीच्या हातून पिंजाऱ्याच्या हाती

१९०५ साली, बंगालच्या फाळणीने वातावरण तापलेले असताना, अवनींद्रनाथ टागोरांनी भगव्या वस्त्रातली, चार हातांची भारतमाता रंगवली. तिच्या हातांत एकही शस्त्र नाही. एका हातात पोथी, दुसऱ्यात भाताच्या लोंब्या, तिसऱ्यात पांढरे कापड आणि चौथ्यात जपमाळ. म्हणजे राष्ट्राची पहिली गाजलेली आधुनिक प्रतिमा घडली तीच मुळी घरात सापडणाऱ्या वस्तूंतून. पुढे तेहतीस वर्षांनी अवनींद्रनाथांचे पट्टशिष्य नंदलाल बोस यांनी हरिपुरा काँग्रेससाठी पोस्टर रंगवली, तेव्हा धान्य आणि कापड पुन्हा आले, पण देवी नाहीशी झाली होती. धान्य कांडणाऱ्या बायकांकडे गेले होते, कापूस पिंजाऱ्याकडे आणि कापड शिंप्याकडे. या चित्रांना ‘हरवलेल्या खेड्याची गोड आठवण’ म्हणण्याची रीत पडली आहे. ही रीत सोयीची असली तरी चित्रांवर अन्याय करणारी आहे. राष्ट्रात कोणाला मोजायचे, या त्या काळच्या भांडणात नंदलालांनी वस्तूंच्या आधाराने दिलेले ते एक उत्तर होते, आणि त्याचा रोख गतकाळाकडे नव्हता.

या उत्तराची तालीम महाराष्ट्रात झाली होती. नंदलालांना हा मुलूख नवा नव्हता. १९०९-१० च्या सुमारास ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला ते आले होते. नंतर डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच शहर सोडून खेड्यात भरले, ते अजिंठ्याहून फार दूर नसलेल्या खानदेशातल्या फैजपूरला. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, नगराचे नाव टिळकनगर. सजावट स्थानिक साहित्यातून आणि स्थानिक कारागिरांच्या हातूनच व्हावी, असा गांधीजींचा आग्रह होता. ‘मी चित्रकार, बांधकामातले मला काय कळते’ असे म्हणायला नंदलालांना जागा होती. तरी त्यांनी आणि वास्तुकार म्हात्रे यांनी बांबू आणि गवत घेऊन काम उभे केले. गांधीजींनी तिथे त्याचे जाहीर कौतुक केले. मुद्दा सजावटीपुरता नव्हता. अजिंठ्यात राष्ट्रीय कला शोधायची म्हणजे दीड हजार वर्षे मागे जायचे. फैजपुरात ती शेजारच्या बुरुडाकडे मिळत होती.

चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, अधिवेशन गुजरातेत तापीच्या काठी हरिपुऱ्याला भरले. नंदलाल आणि शांतिनिकेतनच्या कलाभवनातले त्यांचे सहकारी-विद्यार्थी यांनी मिळून चारशेच्या आसपास पोस्टर तयार केली. मूळ ऐंशीच्या आसपास नंदलालांच्या हातची, बाकीची त्यांवरून केलेली. हातकागद, मातीचे रंग आणि जाड कुंचला. चित्रे दालनात लागणार नव्हती. मंडपांवर आणि कमानींवर उघड्यावर टांगायची, जाता-येता गर्दीने पाहायची. त्यामुळे बारकावे गाळून बंगालच्या पटुआ चित्रकारांच्या पटचित्रांसारखी एका दमात ओढलेली ठसठशीत रेघ त्यांनी घेतली. पिंजाऱ्याचे चित्र पाहावे. त्याचा धनुष्यासारखा पिंजण हा चित्रातला सगळ्यात मोठा आकार आहे, आणि माणसाचे शरीर त्याच्याच ओघात वळलेले आहे. हत्यार कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो हे ठरवायला डोळ्याला क्षणभर थांबावे लागते. नांगरणारा शेतकरी, सुतार, ढोल वाजवणारा, बैल आवरणारा, सगळे असेच कामात गुंतलेले. मागे टेकडी नाही, झोपडी नाही, मावळता सूर्य नाही. ज्याला ‘खेड्याचे चित्र’ म्हणतात त्यात खेडे जवळपास नाहीच. आहे ते काम. आणि बहुतेकांच्या भोवती महिरप आहे. देवळाच्या कोनाड्यात किंवा जुन्या जैन पोथीत जिथे देव नाहीतर तीर्थंकर बसायचे, तिथे आता हा माणूस बसला आहे.

याचे राजकीय मोल कळायला हरिपुऱ्याच्या चारच महिने मागे जावे लागते. ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्याला काँग्रेस कार्यकारिणीने ‘वंदे मातरम्’ची पहिली दोनच कडवी राष्ट्रीय समारंभात गावीत असा निर्णय घेतला होता. पुढच्या कडव्यांत मातृभूमी आणि दुर्गा एकरूप होतात, आणि त्याला मुसलमानांचा आक्षेप होता. १९०५ मध्ये ज्या प्रतिमेने बंगाल पेटला, तीच आता काहींना दाराबाहेर ठेवू लागली होती. वाद कडव्यांच्या संख्येवर मिटवता येतो, चित्रात तसे करता येत नाही; देवी अर्धी रंगवता येत नाही. नंदलालांच्या पोस्टरांनी हा पेच वेगळ्या वाटेने सोडवला. आपल्याकडे आणि गुजरातेत कापूस पिंजण्याचा धंदा बहुतांशी मुसलमानांचा. पिंजारी त्या महिरपीत बसतो तेव्हा त्याला धर्म कोणी विचारत नाही, त्याच्या हातातला पिंजणच त्याची ओळख. नंदलालांनी हे त्या ठरावावर भाष्य म्हणून केले, असे मला म्हणायचे नाही. पण जो प्रश्न कार्यकारिणीला तडजोडीने सोडवावा लागला, तो मंडपाबाहेरच्या पोस्टरांत उभाच राहत नव्हता, हे नाकारता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचे भोंगे वाजत असताना पिंजण आणि नांगर रंगवणे हे स्मरणरंजन नाही तर काय? हरिपुऱ्याचेच उदाहरण विरोधात देता येईल. तिथे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक एक्कावन्न बैलांच्या रथातून निघाली, आणि त्याच अध्यक्षांनी भाषणात सरकारी मालकीखालच्या औद्योगिकीकरणाचा आणि नियोजनाचा आग्रह धरला. त्याच वर्षी राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. रथ बैलांचा, दिशा कारखान्याची. रथापुरता आक्षेप मला मान्य आहे; तो देखावाच होता. पोस्टरांचे तसे नाही. आठवण गेलेल्या गोष्टीची येते. १९३८ मध्ये चित्रातली माणसे गेलेली नव्हती. त्यांच्यातलीच कितीतरी ती पोस्टरे पाहत रस्त्यावरून चालली होती. रोज हाताळायच्या वस्तूबद्दल कोणी हळवे होत नाही. हळवेपणा आला तो नंतर, आणि तो आपला आहे.

दुसरा आक्षेप मात्र खोल आहे, आणि त्याला असे पटकन उत्तर देता येत नाही. आपल्या समाजात हत्यार ही नुसती कामाची वस्तू नव्हती, ते जातीचे चिन्ह होते. सुताराचा वाकस, न्हाव्याची धोपटी, चांभाराची रापी यांवरून माणसाने कुठे बसावे आणि कोणाकडचे पाणी प्यावे हे ठरत असे. मराठी वाचकाला हे सांगायला नको. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्येच ‘गावगाडा’त बलुतेदारीचा हिशोब कोणताही गुलाबी रंग न लावता मांडला होता. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते महारांना पिढीजात राबणुकीतून सोडवण्यासाठी. फैजपूरचे अधिवेशन भरले त्याच १९३६ मध्ये त्यांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आले. या बाजूने पाहिले तर नंदलालांच्या महिरपीत एक मोठी गैरहजेरी दिसते: जवळपास प्रत्येक जण एकटा आहे. शेतकऱ्यासमोर सावकार नाही, कारागिरासमोर बलुते मोजून देणारा पाटील नाही, शिवाशिव तर नाहीच. कामाचा मान दिला, पण ते काम त्याच्याच वाट्याला का आले हे विचारले नाही. हा दोष आहे आणि तो चित्रांच्या मांडणीतच आहे. बचावासाठी एकच गोष्ट सांगता येते, तीही त्या मांडणीतलीच: सगळ्यांची चौकट एक, आकार जवळपास एक, आणि रांगेत टांगल्यावर कोण वर कोण खाली हे ठरत नाही. गावात जी समता नव्हती ती मंडपाबाहेर टांगून दाखवली गेली. तेवढ्याने वतन सुटत नव्हते, म्हणून आंबेडकरांचा प्रश्न तसाच उरतो. पण जे नव्हते ते दाखवणाऱ्या चित्राला जुन्या दिवसांची हुरहुर म्हणता येत नाही, इतके तरी मान्य करावे लागेल.

खरी हुरहुर पाहायची असेल तर नंदलालांचेच पुढचे मोठे काम पाहावे. संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट त्यांनी आणि शांतिनिकेतनातल्या मंडळींनी केली. तिथे मोहेंजोदडोचा बैल आहे, वैदिक आश्रम आहे, बुद्ध, महावीर, अशोक, नालंदा, अकबर, शिवाजी महाराज, लक्ष्मीबाई आणि दांडीला निघालेले गांधीजी आहेत. क्रम सुबक आहे, रेघ देखणी आहे. पण पिंजारी, सुतार, शिंपी यांना त्यात स्वतंत्र पान नाही. मतदानाचा समान हक्क ज्या दस्तऐवजाने या माणसांना दिला, त्याच्याच चित्रांत ती विषय म्हणून उरली नाहीत. हातात सत्ता नसताना राष्ट्राची साक्ष देण्यासाठी चालू कामाकडे बोट दाखवावे लागले आणि राज्य हाती आल्यावर वंशावळ लागली, असा याचा अर्थ मी लावतो. एकच चित्रकार बारा वर्षांच्या आत वर्तमानाकडून भूतकाळाकडे गेला, आणि आपण नेमके उलटे समजून पोस्टरांनाच भूतकाळात ढकलले.

या ढकलण्यात संग्रहालयांचाही हात आहे. २०१९ मध्ये व्हेनिस बिएनालेच्या भारतीय दालनात हरिपुऱ्याची काही पोस्टर लागली. त्याच दालनात मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांची ‘ब्रोकन ब्रँचेस’ ही लाकडी कपाटांची रचना होती. पोरबंदरच्या कीर्तिमंदिर या गांधी-स्मारकातल्या कपाटांवरून सुचलेल्या या रचनेत काचेआड हत्यारे, जुने फोटो आणि वापरलेले कृत्रिम हातपाय मांडले आहेत. दोडियांच्या कपाटांना काच हवीच. वापरणारा निघून गेल्यावर वस्तूचे काय होते, हाच त्यांचा विषय. हरिपुऱ्याच्या पोस्टरांचे तसे नाही. ती उन्हात, धुळीत, चालत्या माणसांच्या उंचीवर टांगण्यासाठी केलेली आहेत, आणि ती जपण्यासाठी काच लागते म्हणून त्यांचा विषयही काचेआडचा मानायचे कारण नाही.