होळकरांची रेल्वे आणि घाटातली गाडी



आमच्या स्नेहलतागंजापासून इंदूरचे रेल्वे स्थानक फारसे दूर नाही. परवा वर्गात मी मुलांना सहज विचारले, “आपल्या गावात आगगाडी कोणी आणली?” सर्वांनी एका सुरात उत्तर दिले, “इंग्रजांनी!” उत्तर अगदीच चूक नव्हते, परंतु ते अर्धेच होते. उरलेले अर्धे आज आपल्याला सांगावे म्हणतो.

१८७० साली मुंबई–जबलपूर हा लोहमार्ग खांडव्यावरून पुरा झाला. इंदूर मात्र विंध्याच्या पलीकडे, नर्मदेच्या पैलतीरी राहिले. त्याच वर्षी महाराज तुकोजीराव होळकर, दुसरे, यांनी इंग्रज सरकारला खांडवा–इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षांची, व्याज दरसाल साडेचार टक्के. संस्थानिकांनी कर्ज काढल्याच्या कथा पुष्कळ आहेत. येथे संस्थानिक धनको आणि सरकार ऋणको होते!

१८७४ साली खांडवा ते सनावद गाडी धावू लागली. १८७६ साली नर्मदेवरचा पूल खुला झाला आणि पुढे लवकरच घाट चढून गाडी इंदुरास पोहोचली. हा घाट म्हणजे त्या काळच्या स्थापत्याची कसोटीच होती. कालाकुंड ते पाताळपाणी हे अंतर सुमारे दहा किलोमीटर, पण चढ चाळीस फुटांना एक फूट, आणि वाटेत चार बोगदे. रुळांतील अंतर अवघे एक मीटर. गाडी चढवायला जादा इंजिन जोडावे लागे.

या गाडीने घाटातल्या माणसांना बाजार दिला, शाळा दिली, दवाखाना दिला. कालाकुंडच्या फलाटावर पानात बांधून विकला जाणारा कलाकंद कोणाला आठवत नाही? पाताळपाणीजवळ तंट्या भिल्लाच्या देवस्थानापाशी गाडी क्षणभर थांबे, तीही त्याच्याविषयीच्या लोकश्रद्धेला मान देऊन.

पावसाळे आणि दरडी या मार्गाने सोसल्या. खरे संकट आले ते रुळांच्या रुंदीचे. भोवतीचे मार्ग ब्रॉडगेज होत गेले आणि ही अरुंद वाट एकाकी पडली. २०१६ साली महूपर्यंत रुंद रूळ आले. २०२३ च्या आरंभी महू–ओंकारेश्वर रोड ही छोटी गाडीही थांबली. रुंदीकरण अनावश्यक होते असे कोणी म्हणणार नाही. दोन मापांचे रूळ जेथे भेटतात तेथे प्रत्येक पोते उतरवून पुन्हा चढवावे लागते. नवा मार्ग सौम्य चढासाठी लांबचे वळण घेतो, हेही शास्त्राला धरूनच आहे. जुन्या घाटात २०१८ च्या नाताळच्या दिवशी पर्यटकांसाठी वारसा-गाडी सुरू झाली. तिच्यामुळे ते रूळ वाचले, याचा आनंदच आहे.

तथापि सहलीची गाडी निराळी आणि रोजची गाडी निराळी. पहिली पाहुण्यांसाठी असते, दुसरी घरच्या माणसांसाठी. समुद्रकाठच्या कोकण रेल्वेवरही हाच प्रश्न उभा आहे. तेथे दूरच्या गाड्या वेगाने निघून जातात. करोनाच्या साथीनंतर रत्नागिरीची पॅसेंजर दादरऐवजी दिव्यापर्यंतच येऊ लागली, तेव्हा गावाकडच्या सामान्य माणसाची केवढी गैरसोय झाली!

म्हणून नव्या रुंद मार्गाचे वेळापत्रक आखणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: एक सावकाश धावणारी, लहान स्थानकांवर थांबणारी, स्वस्त तिकिटाची गाडी त्यात असू द्या. होळकरांनी एक कोट रुपये दिले, ते केवळ लोखंडाचे रूळ अंथरण्यासाठी नव्हेत. नदीपलीकडचा माणूस इंदुरास यावा आणि दिवेलागणीला आपल्या घरी परत जावा, एवढी सोय त्या रुळांकडून आजही आपण मागू शकतो.