'उधळपट्टी' ही शिवी नाही म्हणे!

गेल्या महिन्यात नवा फोन घेतला. जुना व्यवस्थित चालत होता. "मग कशाला घेतलास?" असं आईने विचारल्यावर मी कॅमेरा, प्रोसेसर वगैरे बरंच काही ऐकवलं. खरं कारण एका १८९९ सालच्या पुस्तकात सापडलं, आणि तेव्हापासून जरा पंचाईत झालीय.

पुस्तक: 'द थिअरी ऑफ द लेझर क्लास'. लेखक थॉर्स्टीन व्हेब्लेन, नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या शेतकरी कुटुंबातला, शिकागो विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा. (विद्यापीठ उभं राहिलं ते तेलसम्राट रॉकफेलरच्या देणगीतून, हे जाता जाता.) तेव्हा तिकडे रेल्वे, पोलाद आणि तेलातून अफाट पैसा आला होता. न्यूपोर्टला व्हँडरबिल्ट कुटुंबाने १८९५ पर्यंत ७० खोल्यांचं उन्हाळी घर बांधलं. तिथली श्रीमंत मंडळी असल्या घरांना 'कॉटेज' म्हणायची!

आता यावर चिडून लिहिणं सोपं होतं. आपल्या मराठीत तर 'मिरवणं', 'बडेजाव', 'थेरं' असे शब्द तयारच आहेत. उच्चारले की टोमणा बसलाच. व्हेब्लेनने असे शब्द टाळले आणि प्रयोगशाळेतला कोट चढवला. तो म्हणतो 'कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन', म्हणजे चारचौघांच्या डोळ्यांत भरेल असा उपभोग. बायको आणि गणवेशातले नोकर काहीही उपयोगी न करता बसतात, ते 'व्हायकेरियस लेझर', म्हणजे मालकाच्या वतीने केलेला आराम. वतीने आराम! जणू मुखत्यारपत्रच दिलंय.

हिरवळीबद्दल तर कमाल आहे. हिरवळ म्हणजे मुळात कुरण, तेव्हा ती राखायला गाय उत्तम. पण गायीला काटकसरीचा वास येतो, म्हणून तिच्या जागी हरणासारखं काहीतरी निरुपयोगी आणि महागडं जनावर ठेवतात. हे सगळं तो अगदी गंभीर चेहऱ्याने सांगतो.

आणि 'वेस्ट', म्हणजे उधळपट्टी, हा शब्द वापरताना तर तो थांबून खुलासा करतो: यात निंदा नाही बरं का, हा निव्वळ तांत्रिक शब्द आहे, दुसरा बरा मिळाला नाही. मी पहिल्यांदा हे खरं मानलं. मग पुढे पानोपानी तोच शब्द, तितक्याच थंडपणे! शिवी दिली असती तर समोरचा भांडला तरी असता. व्याख्येशी काय भांडणार?

एच. एल. मेन्केनने १९१९ मध्ये या बोजड भाषेची यथेच्छ टर उडवली. मला वाटतं, त्याचं इथे चुकलं. बोजडपणा काढला तर विनोदच जातो.

व्हेब्लेन ऑगस्ट १९२९ मध्ये गेला, शेअर बाजार कोसळण्याच्या जेमतेम तीन महिने आधी. आज किंमत वाढली की मागणीही वाढते अशा वस्तूंना अर्थशास्त्रात 'व्हेब्लेन गुड्स' म्हणतात. मॅनेजमेंटच्या वर्गात हे शिकवतात, ब्रँड महाग कसा ठेवायचा ते समजावं म्हणून. तेही अगदी गंभीर चेहऱ्याने.

असो. फोनचा कॅमेरा खरंच चांगला आहे.